मांडीपुरता उजेड

आंधळगावच्या कोष्टीपुऱ्यात
पहिला दिवा मी छताला टांगला,
सरळ, सगळ्यांवर सारखा.
पर्बताबाई निखारे वर बघून हसल्या
आणि पाट फिरवून
भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"उजेड लय हाय वं बाई,
पन सूत कुठं दिसते?"

खरंच दिसत नव्हतं.
कोशाचा धागा उजेडाच्याच रंगाचा,
वरून पडेल त्यात विरघळून जातो.
तो दिसतो कडेनं,
धुऱ्यावरून ऊन आडवं आलं
की कोळ्याचं जाळं दिसतं तसा.

मोहाडीला परतले, बापाच्या टिनाच्या दुकानात.
पंधरा किलोचा तेलाचा डबा उभा चिरला,
आतली चकाकी अजून कोरी होती.
बुडाला जुन्या पाट्याचा तुकडा,
दांडा छत्रीचा, दांड्यावर
सायकलच्या सीटखालची कडी,
म्हणजे होल्डर वर-खाली सरकेल,
मान वळेल, आणि वळली तिथे थांबेल.
चार तुकडे, पिशवीत मावणारे.
पाना नको, पेचकस नको,
दोन कानांचा एक नट
भात कालवलेल्या बोटांनीही फिरावा असा.

बाप म्हणाला, "जोडता येते, बराबर.
पन उलटा जोडला त?"
त्यावर दोन दिवस गेले.
मग खाच अशी पाडली
की उलटा बसतच नाही.

दुसऱ्या खेपेला दिवा खाली आला,
कडेला आला, सूत दिसलं,
धानाच्या काडीसारखं, मळकट पिवळं.
तरी दाराशी चप्पल वाजली
की पर्बताबाईंचा हात आधी बटणावर.
मला वाटलं, बिलाची काटकसर.
वहीत लिहिलं: वॅट कमी करणे.

तिसऱ्या खेपेला त्यांची सून कौतुका
चहाची बशी पुढे सारत
खालच्या आवाजात बोलली,
"आत्याबाई मांडीवर सूत वळते नं ताई,
लुगडं वर घ्या लागते.
तुमचा दिवा सुतावर कमी
अन् बाईवर जास्त पडते."

सहा महिने मी कोन मोजत होते,
तीस, पंचेचाळीस, साठ.
या घरातल्या बाया
दार सोडून, खिडकी सोडून
उतरंडीमागच्या कोपऱ्यात का बसतात
हे मोजायला काही लागलं नसतं,
नुसतं विचारायचं होतं.

परावर्तक हा शब्द आयटीआयत पाठ केलेला.
इथे त्याला टोपरं म्हणतात.
टोपऱ्याला मी पदर लावला,
बिजागरीवर टिनाची एक पाती,
जितकी खाली ओढाल तितका उजेड आखूड.
ओढत ओढत पर्बताबाईंनी तो आणला
वीतभर.
मांडीवर एक वीत, बाकी घर
आपापल्या अंधारात.
दारात जावई उभा राहिला, बोलला, गेला.
बटणाला कोणी हात लावला नाही.
दिसत होती फक्त
सोड्याच्या पाण्यानं सुरकुतलेली बोटं
आणि बोटांखालून निघणारं सूत.

महिन्यानं गेले
तर टोपऱ्याला डाव्या अंगाला पोचा.
"पडला का?"
"पडन कायले? मीच हाणला वरवंट्यानं.
डावा डोळा अधू हाय माहा,
तिकून चिलक लागे."

टोपरं दुकानात नेलं, बापाला दाखवायला.
त्यानं सवयीनं हातोडी उचलली, सरळ करायला.
मी हात धरला.
तो पोच्यावर अंगठा फिरवत राहिला,
मग म्हणाला, "बाईचा हात बसला हाय इथं."

पुढच्या बारा टोपऱ्यांना
पत्रा एक गेज पातळ घेतला,
वरवंट्याचं ऐकेल असा.