पाठमोरा

चोरबाजारात तीस रुपयांना मिळाली सीडी.
कव्हरवर एकाच हीरोचे दोन चेहरे,
मधे काचेची नळी, हिरवा धूर.
डॉक्टर माणसाची हुबेहूब प्रत काढतो,
प्रत मूळ माणसाचा खून करते
आणि त्याच्याच खुर्चीत बसून त्याचा चहा पिते.
बायकोला कळत नाही.
कुत्र्याला कळतं.

त्यात बाबा आहेत.
म्हणजे बाबांची पाठ आहे.
हीरो हीरोशी बोलतो तेव्हा
कॅमेऱ्याकडे पाठ करून जो उभा असतो, तो
भालचंद्र गणपत तोडणकर,
राहणार चांदिवली, खडी मशीनच्या मागे,
शिफ्टचे सव्वाशे आणि जेवण.
उंची तीच, खांदे तेच;
मानेवरचे केस न्हावी
हीरोची मान बघून कापायचा.
आई म्हणायची, हे आता झोपेतसुद्धा
कूस बदलतात ती त्याच्यासारखी.

इन्स्पेक्टरला धागा सापडतो शेवटी, दंडावर:
मूळ माणसाला लहानपणी देवी टोचलेली,
नळीत जन्मलेल्याला कोण टोचणार?
ज्याचा दंड गुळगुळीत तो खुनी.
म्हणून मेकअपवाले किणीमामा
बाबांचे दोन वण
रोज मेणाने बुजवायचे.

दुसरी सीडी, बाविसावं मिनिट.
गोदीतल्या गोदामाचा जिना, झटापट,
बाही टरकन फाटते.
दिव्यांच्या धगीने मेण केव्हाच वितळलंय.
अर्धा सेकंद:
चार आण्याएवढे दोन वण
खुन्याच्या दंडावर.
म्हणजे सगळं रहस्यच कोसळलं की!
पण ना एडिटरने पाहिलं, ना सेन्सॉरने,
ना पिटात शिट्ट्या मारणाऱ्यांनी.

बाबा स्वतः बघायला गेले नाहीत.
आग्रह केला तर म्हणायचे,
मी काय बघू? पाठ तर मला अशीही दिसत नाही.

ते गेल्यावर भिंतीसाठी फोटो शोधला.
रेशनकार्डावरचा पुसट झालेला,
मावशीच्या लग्नातल्या घोळक्यात
नेमके वाढपी होऊन वाकलेले.
शेवटी भिंत तशीच राहिली,
खिळा मारलेला होता, त्यावर मी
छत्री अडकवते.

आत्ता मी चित्र थांबवलंय.
ते थरथरतं, चौकोन चौकोन होतं.
खुनी कोण ते सांग ना, धाकटा मागे लागलाय.
थांब जरा, म्हणते, आजोबा आलेत.
कुठे?
तो टीव्हीला नाक लावून
चेहरे बघत राहतो.