चार अँगस्ट्रॉमच्या आत

इतवारीतल्या कांडपावर निनावे काकू
मधेच बटण बंद करतात,
चिमूटभर भिवापुरी नाकाशी नेतात.
"अजून नाही उतरली," म्हणतात,
किंवा, "बस. आता ठेवली तं जळंन."

माझ्या कामाला नाक उपयोगाचं नाही.

अमरावती रोडवर आमची लॅब,
मुठीएवढा स्टीलचा डबा,
आत दोन पांढऱ्या पुडी, दोन गोळ्या,
सेकंदाला तीस हेलकावे.
इतका आवाज, की बारापात्रे कानात कापूस घालूनच
सह्यांचं रजिस्टर लिहितात.
आत कोण कुठे सरकलं?
डबा सांगत नाही.

म्हणून दिवा.

पहिल्या पुडीच्या प्रत्येक रेणूत
एक दुहेरी बंध आहे,
एकटा असला तर उजेडाला दाद न देणारा.
दुसरी पूड स्वतः काहीच होत नाही,
ती फक्त दोघांचे हात धरते
आणि समोरासमोर बसवते,
चार अँगस्ट्रॉमच्या आत.
मग वरून अतिनील प्रकाश सोडायचा.
बसलेले सांधले जातात, चौकोनात, कायमचे.
बाकीचे होते तसेच.
त्या मिनिटाला कोण कोणाशेजारी होतं
त्याची ही शिरगणती,
मोजली की बदलता येत नाही अशी.

नुसती एकत्र ठेवलेली पूड: शून्य.
पाच मिनिटं दळलेली: शंभरात अकरा.
दहा: अठ्ठेचाळीस.
वीस: एक्क्याण्णव.
त्या दिवशी बारापात्रेंना तर्रीपोहे माझ्याकडून.
चाळीस: अठ्ठावन्न.

पुन्हा केलं. साठ.
पुन्हा. सत्तावन्न.
मे महिना, शेहेचाळीस अंश, कूलरला पाणी नाही,
मी खिडकीला काळा कागद लावला,
बाटलीभोवतीची फॉइल बदलली,
दिव्यावर, उन्हावर, वजनकाट्यावर,
एकदा तर बारापात्रेंच्या हातावर संशय घेतला.
ते काही बोलले नाहीत. कापूस काढून नीट ऐकलं फक्त.

काकूंना सांगितलं तर हसल्या.
"चाळीस मिनिटं कायले कुटत होती वं?
तेल सुटलं की मंग निस्ता गोळा होते.
कुठली मिरची अन् कुठला धना,
काई समजत नाही."

तेल नव्हतं माझ्याकडे.
पण गोळ्यांनी आधी जुळवलेली पंगत
गोळ्यांनीच मोडली होती,
धरलेले हात सुटले होते,
आणि डोळ्यांना ती पूड
वीस मिनिटांच्या पुडीइतकीच पांढरी.

शुक्रवारी लाइट गेली.
चाळीस मिनिटांचा एक डबा
दिव्याखाली न जाता तसाच राहिला,
झाकण बंद, अंधारात,
शनिवार, रविवार.

सोमवारी दिवा लावला.
एकोणऐंशी.

दोन दिवस कोणीच काही केलं नव्हतं.
गोळ्या थांबलेल्या, खोली बंद,
चौकीदार दिगांबरही लग्नाला काटोलला.
तरी आत कोणीतरी हळूच कूस बदलली,
सुटलेला हात पुन्हा शोधला.

सरांसाठी वहीत आकडा लिहिला.
पुढे 'कारण' असा रकाना आहे.
तिथे पेन टेकवलं,
आणि बारापात्रेंनी विचारलं,
"मॅडम, मशीन लावू का?"
म्हटलं, थांबा.
आज नुसतं ठेवून पाहू.