हललं तरच नोंद

दौलतगंजातल्या आमच्या पतपेढीत
चार कॅमेरे, एक डिस्क, आणि मी.
वरून पत्र आलं: फुटेज नव्वद दिवस ठेवा.
नवी डिस्क मागितली तर चेअरमन म्हणाले,
आहे त्यात भागवा, वृंदाताई.

भागवणं मला येतं.
आधी चेहरे थोडे पुसट केले,
बावीस दिवस वाढले.
मग सेटिंगमधल्या एका ओळीवर खूण केली:
काही हललं, तरच नोंद.
रिकामा काउंटर, मिटलेली तिजोरी,
रात्रभर भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर,
सगळं गाळलं.
नव्वद भरले. वर तीन उरले.

जानेवारीत ऑडिटर आले.
नऊ तारीख, रात्री दोन ते पाच, काहीच नाही.
तुमचा चौकीदार कुठे होता?

भगीरथ कुशवाह दाराशीच होता.
लष्करातली ती थंडी, अंगावर दोन घोंगड्या,
शेगडी केव्हाच विझलेली,
आणि तो बसलेला,
एकवीस वर्षं बसतोय तसा,
तसूभरही न हलता.

त्याला समजावून सांगितलं.
बराच वेळ वर कॅमेऱ्याकडे बघत राहिला.
"मतलब, हिलना पड़ेगा, बाईसाब?"

आता दर अर्ध्या तासाला
घोंगडीतून एक हात बाहेर येतो,
उंच होतो, शाळेत हजेरीला व्हायचा तसा.
चेहरा ओळखू येत नाही. मीच पुसट केलाय.
हात येतो.

डिस्क पुन्हा भरत चाललीय.
आज हिशेब केला: शहाऐंशी दिवस.
चेअरमनना अजून सांगितलेलं नाही.