नववा स्क्रू

रिटेल पार्कमधल्या त्या लखलखीत दुकानात
बावीस लॅपटॉप साखळीने बांधून ठेवलेले,
गोठ्यातल्यासारखे एका रांगेत,
गळ्यात किमतीची चिठ्ठी.

शाल्मलीने वहीच्या पानावर लिहून आणलं होतं:
मेमरी सोळा जीबी, त्याखाली नाही.
वजन दीड किलोच्या आत.
बॅटरी, सकाळच्या लेक्चरपासून लायब्ररी बंद होईपर्यंत.
आणि तळाशी, वेगळ्या शाईने,
बाबांना झेपेल असा.
ही ओळ तिने अंगठ्याखाली झाकली होती.
एकोणीस वर्षं कॉव्हेंट्रीत चष्म्याच्या काचा घासतोय मी,
अंगठ्याखालचं थोडंफार वाचता येतं.

कॅलम नावाचा पोरगा आला, गळ्यात दुकानाची पट्टी.
कॉम्प्युटर सायन्स म्हटल्यावर तो आम्हाला थेट कोपऱ्यात घेऊन गेला.
तिथला लॅपटॉप वरातीसारखा,
प्रत्येक कळीखाली वेगळा दिवा.
‘ह्यावर काहीही चालतं,’ कॅलम म्हणाला.
‘मला चालवायचं नाहीये,’ ही म्हणाली, ‘मला लिहायचंय.’
त्याला कळलं नाही.
मलाही नीटसं नाही,
पण वाक्य आवडलं.

मी उचलून बघितला. मध्यम फणस.
चार्जर म्हणजे वर आणखी एक वीट.
अकराशे एकोणपन्नास पौंड.

मग मी माझी परीक्षा घेतली.
म्हटलं, ‘जरा बंद कर.’
काळ्या काचेत छतावरच्या ट्यूबलाइट उतरल्या,
त्यांच्या मधोमध माझं कपाळ,
कपाळामागे उभी तू, पावणेतीनच्या नंबरची.
‘बंद पडद्यात माणूस दिसला की घेऊ नये,’ मी म्हटलं.
‘रात्री दोन वाजता चूक शोधत बसशील
आणि समोर तुझंच तोंड.’
त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

फार गॉसफर्ड स्ट्रीटवर, केशकर्तनालयाच्या वर,
ओबेंगचं दुरुस्तीचं दुकान.
त्याने कापडात गुंडाळलेला एक काढला.
कुठल्याशा बँकेचा, तीन वर्षं वापरून परत आलेला.
काळा, खडबडीत, पडदा धुतलेल्या पाटीसारखा,
त्यात मी कुठेच दिसलो नाही.
कळांवरची काही इंग्रजी अक्षरं पुसट,
ए तर जवळजवळ गेलेलाच.
मी घासाघीस करायला तोंड उघडणार
तेवढ्यात हिने बोट ठेवलं,
अर्धविरामाच्या कळीवर.
ती कोरी करकरीत.
‘बँकेतल्या माणसाला ही कधी लागलीच नाही,’ ती म्हणाली.
‘मला रोज लागणार.’
ओबेंगने आपणहून वीस पौंड कमी केले.

रात्री जेवणाच्या टेबलावर तो उताणा पडला होता.
मेमरी आठचीच होती, आणखी आठ वेगळी आणलेली.
तिला स्क्रूड्रायव्हर हवा होता, बारीक,
चष्म्याची काडी बसवतो तो.
मी पिशवीतून काढून दिला.
नऊ स्क्रू बशीत.
आत धूळ, पंखा, आणि एक रिकामी खाच.
‘बघ बाबा, जागा ठेवलीये.’
तिने हिरवी पट्टी तिरकी धरली, सरकवली, दाबली.
खट्.
फ्रेममध्ये काच बसते तोच आवाज.
मी मान वर केली नाही,
भांडी घासत राहिलो,
पण हात थांबले होते.

झाकण लावताना आठच स्क्रू सापडले.
‘आठावर चालतं,’ ती म्हणाली,
आणि सप्टेंबरात आठावरच शेफील्डला गेली,
माझा स्क्रूड्रायव्हरही घेऊन.

नववा परवा फ्रीजखाली मिळाला,
तिळाएवढा.
फोन करून सांगितलं तर म्हणाली, राहू दे तिथेच.
मी तो चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवलाय.
डबी हलवली की वाजतो.