आधी कान

मादागास्करच्या या नैऋत्य टोकाला डिसेंबरात
सावलीलाही चपला लागतात.

ओहोटी लागायच्या आत नांबिना
प्रवाळाचा दगड मांडीजवळ ओढते.
चार थेंब पाणी,
आणि मासुंजुआनीचं खोड, गोल गोल.

पिवळट लगदा. गालांना, कपाळाला,
नाकाच्या शेंड्याला जरा जाड.
कान मात्र दरवर्षी विसरते,
आणि दरवर्षी कानच आधी सोलतात.

दुपारपर्यंत खडकांवर वाकायचं असतं,
बिळात सळई घालून ऑक्टोपस शोधायचे.
वरून ऊन, खालून पाण्यात पडलेलं ऊन.
टोपी वरच्याचं बघते,
खालच्याला कोण अडवणार?

तुवुसुआ चौदाचा.
"बायकांचं सोंग ते," म्हणाला,
आणि काकाच्या होडीत चढला उघडाबंब.

तिसऱ्या दिवशी आला तो
उकडलेल्या खेकड्यासारखी पाठ घेऊन.
खांद्यांवर फोड, नाकाचं सालपट लोंबतंय.
पालथा पडला. शर्ट नको म्हणाला,
चादरही नको.

ती बोलली नाही काही.
ओलं फडकं टाकत राहिली,
वाळलं की पुन्हा.
फोड फोडू नकोस, एवढंच.

दहा दिवसांनी पाठीवर नवी कातडी,
तान्ह्याच्या टाळूइतकी कोवळी.

पहाटे ती खोड उगाळत होती.
तो वल्हं शोधत तिथंच घुटमळला.
वल्हं त्याच्या हातातच होतं.

तिनं आणखी चार थेंब टाकले.
"वाक खाली," म्हणाली,
"आधी कान."