आवाज दुरुस्ती

बंद पडलेल्या राइस मिलमध्ये,
जिथे कोंड्याचा वास अजून भिंतीत आहे,
श्रावस्ती रामटेकेने तांब्याची पाटी बसवली.
नागपूरची पोरगी, पायात पुरुषी बूट.
वायरचं भेंडोळं सोडवत म्हणाली,
हिरालालभाऊ, लाईन तेवढी नीट द्या, बाकी माझं मी.

बाकी असं होतं:
मामा तलावात, पाळीपासून वीस हात आत,
लिंबाएवढा एक काळा कान बुडवलेला.
पाटीवर कोणी हात ठेवला
की मिलमधल्या कर्ण्यातून तलाव ऐकू येणार,
आणि हात ठेवणाऱ्याचं काळीज
तिकडे पाण्याखाली पिवळा दिवा होऊन
लागेल, विझेल, लागेल.
माणसाने पाण्याचं ऐकायचं,
पाण्याने माणसाचं पाहायचं.
मधे आपली वायर.
मी विचारलं, मीटर कोणाच्या नावावर?

गावाला आवडलं, खोटं कशाला बोलू.
शाळा आली रांगेने.
सरपंचाने हात ठेवला तर दिवा लागेचना,
पोरं फिदीफिदी हसली,
मग कळलं, हात आधी ओला करावा लागतो.
आणि कर्ण्यातून तो आवाज:
गुंऽऽ
सलग, खर्जातला, पोटात उतरणारा.
डोमा म्हातारा म्हणाला, तंबोरा हाय हा.
शिंप्याची नवी सून डोळे मिटून उभी राहिली,
इतका वेळ की मागचे कुरकुरले.
श्रावस्तीने वहीत लिहिलं,
तलावाचा षड्ज.

मी पान्हा पुसत होतो.
तो षड्ज किती हॉर्सपॉवरचा, मला माहीत होतं.
पाच.
पलीकडच्या काठाला, बेशरमाच्या झुडपात,
साळ्याची मोटर. उन्हाळी धानासाठी.
वरच्या तारेवर आकडा,
आकडा माझ्या हातचा.

शनिवारी पारबता नान्हे आली,
टोपली दाराशी ठेवून, शिंगुराने फोडलेली बोटं लुगड्याला पुसत.
तलाव तिच्या सोसायटीचा.
तिने हात ठेवला. ऐकलं.
मग गर्दी ओलांडून थेट माझ्याकडे पाहिलं.
"पानी बोलून नाही राह्यलं बाई," श्रावस्तीला म्हणाली,
"पानी जाऊन राह्यलं."
श्रावस्तीला ते फार आवडलं.
तेही तिने वहीत लिहिलं.

मिलची चावी माझ्याचकडे असायची.
रात्री गेलो, हात ओला केला, ठेवला.
मोडक्या खिडकीतून तलाव दिसत होता
आणि तलावात मी:
डीओ उडायच्या आधी बल्ब फडफडतो ना,
तसा.
हात काढला. दिवा थांबला.
मोटर थांबली नाही.

मग बांबू घेतला आणि काठाकाठाने गेलो.
साळ्याला फोनवर सांगितलं, वरूनच लाईन बंद आहे.
याला कोणी पुण्य म्हणू नये,
दोन दिवसांचा प्रश्न होता.

रविवारी भंडाऱ्याहून गाडीभर पाहुणे आले.
हात ठेवत, थांबत, एकमेकांकडे बघत.
कर्णा गप्प.
श्रावस्ती धावत आली,
हिरालालभाऊ, आवाज गेला हो, बघा ना काहीतरी!
मी शिडी लावली.
एकेक जॉइंट सोडला, पुन्हा टेप गुंडाळली,
जी चांगलीच होती.
पाहुण्यांनी चहा घेतला, तलावासमोर फोटो काढले, गेले.

ऊन कललं तेव्हा पारबता पोत्यावर बसलेली,
हात पाटीवर, जसा काही तो तिथेच विसरलेला.
बराच वेळ काही नाही.
मग कर्ण्यातून: टुबुक्.
मग गाळातून काही सरकल्यासारखं.
"मरळ," ती म्हणाली. "दम घ्याले वर आली."

खालून श्रावस्ती: झालं का दुरुस्त?
बिघडलंच नव्हतं, मी शिडीवरून बोलून गेलो.
मग वाटलं, हे जरा जास्तच सांगितलं आपण.
टेस्टर काढला, उगाच एका तारेला लावला.
खाली खुंटीवर माझा शर्ट,
शर्टाच्या खिशात फोन थरथरत होता,
गुंऽऽ
गुंऽऽ
साळ्याचा.