शिंपला, नग बारा

मांजरेच्या वळणावर काळ्या रानात
हे एवढंच पांढरं टेकाड.
गाड्या जुंपून लोक इथली माती नेत,
भिंती लिंपायला, धाब्यावर टाकायला.
नेता नेता अर्धं गाव नेलं त्यांनी,
तीन हजार वर्षांपूर्वीचं.
उरल्यासुरल्यात आम्ही दोरी लावून
एक चौकोन आखला.

माझं काम हाडांचं.
दुपारी सरपंच येतात, छत्री मिटत विचारतात,
"मॅडम, घावलं का काही?"
"घावलं की. मरळ माशाचे मणके,
कासवाच्या पाठीचा तुकडा, जळालेल्या बोराच्या आठळ्या."
ते मान हलवतात,
दवाखान्यात भेटायला आल्यासारखी.

चाळणी सोजरबाईच्या हातात.
ज्वारी चाळावी तशी ती माती चाळते,
खडा बाजूला, हाड पदरात.
"ह्यो बैल," ती म्हणते, मी तक्ता उघडायच्या आत.
खुराआतलं बोटाचं हाड, कडेनं वाढलेलं
आल्याच्या कुड्यासारखं.
"वढून वढून झालंय. लंगडत आसंल.
तरी लई दिस ठिवला त्याला."
"ते कशावरून?"
"वाढल्याली गाठ बी घासून गुळगुळीत झालीय, बघा की."

मी वहीत लिहिते: ओढकामाचा ताण, शक्य.
'शक्य' हा शब्द आम्ही
मिठासारखा वापरतो.

शेळीच्या खांद्याचा सांधा मात्र
मला सुटेना.
त्यावर तीन रेघा, केसाएवढ्या, गारेच्या पात्याच्या.
गुरुवारी तो कापसात गुंडाळून
निलंग्याला नेला, लतीफ कुरेशींच्या दुकानी.
त्यांनी गिऱ्हाईक थांबवलं, हात धुतले,
हाड उजेडाकडे धरलं.
"जागा बराबर धरलीय. हितंच सांधा सुटतो, जोर न लावता.
ज्यानं कापलं, त्यानं बापाजवळ बसून शिकलेलं हाय."
मग गप्प.
मग सुरी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली
आणि हवेतच तीनदा फिरवली.
"डावखोरा हुता तुमचा माणूस.
आमचे चाचा असेच. त्यांच्या डाव्या अंगाला
कुणी ठोकळा मांडायचं नाही, कोपर लागायचं."

अहवालात हे येणार नाही.
जनावर कोणत्या कुशीवर होतं, कोण सांगणार?
तीन रेघांवर हात ठरत नाही,
हे मी स्वतःच विद्यार्थ्यांना ओरडून सांगत आलेय.

शनिवारी त्याच थरात, चुलीपासून दीड हातावर,
नदीतला शिंपला. नग बारा.
एक कड झिजून सरळ झालेली,
मडक्याच्या बुडाची खरवड काढून काढून.
सोजरबाईनं तो तळहातावर उताणा ठेवला.
"आमची मोठी माय लेकराला ह्यानंच पेज पाजायची.
वठाला लागत न्हाई."
मी म्हटलं, कातडंही घासत असतील.
ती म्हणाली, "घासत्यात की. आन् पाजत बी असत्याल.
घरात काय एका वस्तूला एकच काम आसतं?"

रात्री भाड्याच्या खोलीत नोंदी करताना
मोजपट्टी ठेवली, भिंग ठेवलं,
शिंपला उजव्या हातात धरला.
अंगठ्याला जागा मिळेना.
झिजलेली कड माझ्याकडे पाहत राहिली,
ओठ उलटा करून.

डाव्या हातात बसला.

मी तो लगेच पिशवीत घातला,
चिठ्ठी लावली, तारीख टाकली.
आणि स्वयंपाकघरात जाऊन
दुधाच्या पातेल्याची खरवड
डाव्या हातानं, चमच्यानं काढून पाहिली.
जमलं नाही. निम्मी साय ओट्यावर.
आवाजही कर्कश आला;
त्यांचं मडकं होतं.